तळाला नाव घातलेला गेम

माझ्या कपाटात सध्या अकरा कीबोर्डवाले गेम आहेत. त्यातले तीन चालतात. बायको त्याला संग्रह म्हणत नाही, पसारा म्हणते, आणि बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून दुपारी घरी आलो की मलाही तिचंच पटतं.

जुने गेम जमवणाऱ्यांनी हा कधी खिजगणतीतच धरला नाही. त्यांना परदेशातले अस्सल हवे असतात, खोक्यासकट. आमचा म्हणजे त्यांची नक्कल. कोणत्या कारखान्यात झाली तेही धड कळत नाही. दिसायला कीबोर्ड, जोडायचा टीव्हीला, वरच्या खाचेत कॅसेट घालायची. बहुतेक कॅसेटींत मारामाऱ्या आणि उड्या, एका कॅसेटमध्ये मात्र टायपिंग आणि बेरजा. तेवढ्या एका कॅसेटच्या जोरावर दुकानदार तो ‘कॉम्प्युटर’ म्हणून विकायचे आणि आईबाप विश्वासाने घ्यायचे. मला त्याचं वेड आहे ते यासाठीच. आईबापांनी इतकी आशा दुसऱ्या कुठल्या खेळण्याला लावली असेल असं वाटत नाही. पिवळं पडलेलं प्लास्टिक, अक्षरं पुसलेली बटणं, सगळं मला आवडतं. पण खरं सांगायचं तर मी जमवत नव्हतो, शोधत होतो. बाकीचे विकणाऱ्याला विचारतात, चालतो का? मी म्हणायचो, उलटा करून फोटो पाठवा.

आमचं घर माकुणसारचं, बाबांची केळीची वाडी. मी सातवीत असताना त्यांनी पालघरहून तो गेम आणला. घरी आणण्याआधी ते तो घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले. आमच्याकडे हंडा असो नाहीतर वाटी, नाव घातल्याशिवाय घरात यायची नाही, आणि बाबांच्या लेखी कॉम्प्युटर हंड्यापेक्षा मोठी वस्तू होती. दुकानदार नको नको म्हणत असताना त्यांनी तळाला स्वतःचं नाव आणि गाव कोरून घेतलं. सुई प्लास्टिकवरून घसरली आणि गावाच्या पुढे आरपार भोक पडलं. बाबा म्हणाले, “बरा झाला, हवा लागल त्याला.”

मग त्यांनी गावभर सांगितलं, पोरगा कम्प्युटर शिकतो. पोरगा रणगाडे उडवत होता. बाबांची चाहूल लागली की झटकन कॅसेट बदलायची, एवढं एकच मी शिकलो. नंतर तेही कंटाळवाणं झालं.

दहावीच्या सुट्टीत मी तो गेम बोईसरच्या एका मुलाला देऊन टाकला, क्रिकेटच्या बॅटच्या बदल्यात. मुलाचे वडील कारखान्यात होते, घरात हिंदी बोलायचे. पुढच्या वर्षी ते कुटुंब निघून गेलं, कुठे ते कळलं नाही. बाबांना मी ठोकून दिलं की मासवणचा एक मित्र शिकायला घेऊन गेलाय आणि बॅटही त्याचीच आहे. बाबा खूश झाले. “शिकू दे. त्याच्या घरी कुठं असणार.”

बेरजांची कॅसेट त्या मुलाने घेतलीच नव्हती. ती बाबांना फडताळात सापडली. “आरे, शिकायची कॅसेट तर इथंच रायली,” म्हणून त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवली. पुढे कित्येक वर्षं, मासवणकडचं कोणी भेटलं का, असं ते मला विचारायचे. मी नाही म्हणायचो.

गेल्या महिन्यात बाबा दवाखान्यातून घरी आले. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. पडल्या पडल्या म्हणाले, “आपला कम्प्युटर आला का रं?” मी दमलो होतो. पाळ्यांनी दमलो होतो, शोधून दमलो होतो, आणि सगळ्यात जास्त त्या मासवणच्या मित्राने दमलो होतो. दुसऱ्या दिवशी मी अकरातला बरा गेम उचलला, पालघरला भांड्यांच्या दुकानात नेला, तळाला बाबांचं नाव आणि गाव कोरून घेतलं आणि दुपारी त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी बटणांना हातही लावला नाही. गेम उलटा केला आणि अंगठा नावावरून फिरवला. गावाच्या पुढे गेल्यावर अंगठा थांबला, तिथेच इकडे तिकडे फिरला.

“नाव माझा हाय,” ते म्हणाले. “पण ह्यो आपला नाय. भोक नाय याला.”

मग मी सगळं सांगितलं. बॅट, बोईसरचा मुलगा, मासवणचा खोटा मित्र. चाळिशीच्या माणसाने बापासमोर रडावं हे शोभत नाही, पण मी रडलो. ते रागावतील याची वाट पाहत होतो. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी मला ट्रंक उघडायला सांगितली. पिशवीवरचं रबर वितळून चिकटलं होतं. आत कॅसेट जशीच्या तशी होती. बाबांनी ती हातात घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवला.

“त्या पोराच्या बापानंबी कम्प्युटर म्हनूनच घेऊ दिला असल ना,” ते म्हणाले. “आनि शिकायची कॅसेट आपल्याकडं रायली. मंग तो काय शिकला असल रं?”