पहिल्या वर्षाचा आकडा

अन्याय माझ्या नलूमावशीवर झाला. गेल्या ऑगस्टमधल्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास, पोरिरुआच्या एका हॉलमध्ये, भरल्या सभेत. तो मी केला. ती गेल्याचा आईचा फोन येऊन आता पाच आठवडे झाले. फोन आला तेव्हाही मी चळवळीच्या पत्रकांना घड्याच घालत होते…

नलूमावशी आईची पुण्यातली मैत्रीण. इथे परदेशात आल्यावर माझी मावशी झाली. निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात ती अंटार्क्टिकाला जायची. तिथल्या कायम गोठलेल्या जमिनीत भोकं पाडून तापमापक सोडायचे, हे तिचं काम. "पेंग्विन आणलास?" असं मी लहानपणी विचारलं, तर म्हणाली, "आमच्या दरीत पेंग्विन नसतात गं. नुसते धोंडे, माझ्यासारखे."

हवामानबदलाच्या चळवळीत पडल्यावर मी तिच्याकडे आकडे मागायला गेले. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्ता पसरला. "पहिलं वर्ष धरायचं नाही हं. ड्रिलनेच जमीन तापलेली असते. तिला पुन्हा गार होऊ द्यायचं, मग मोजायचं." पुढच्या वर्षांचे आकडेही चढतेच होते, पण सावकाश. मी म्हटलं, "मावशी, सावकाश म्हटल्यावर कोणी रस्त्यावर उतरत नाही." "मग नका उतरू. चहा घे." मी चहा घेतला, तक्त्याचा फोटोही घेतला. आणि पहिल्या वर्षाचा आकडा आजचा म्हणून पत्रकाच्या माथ्यावर छापला, खाली तिचं नाव टाकून. पोरिरुआपासून फ्लॅट बुशपर्यंत मराठी घरांत आम्ही ते वाटलं.

त्या रविवारी सभेत एक गृहस्थ उठले. "हे ड्रिलिंगच्या वर्षाचं रीडिंग आहे. मॅडम, आयुष्यभर हेच केलंत?" हॉल हसला. बोलायला उभ्या असलेल्या मावशीने माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्या हातात होता. सरकारला, कंपन्यांना, सगळ्या जगाला जाब विचारणारी मी… गप्प राहिले. "तक्ता माझाच आहे," एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली.

परत जाताना गाडीत मी म्हटलं, "मी खुलासा छापते." "छाप," ती म्हणाली. मी छापला नाही. चळवळीचं नाव खराब होईल, असं स्वतःला बजावत राहिले. खराब माझं झालं असतं. शाळेतल्या मुलांना ती गोठलेल्या जमिनीबद्दल सांगायला जायची, तिथून निरोप आला, सध्या नको. तिने एकदाच विचारलं, "खुलाशाचं काय झालं गं?" "लिहितेय," मी म्हटलं. मी एक ओळही लिहिली नव्हती.

परवा मावशीच्या यजमानांनी, काकांनी, तिच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक नव्या भोकाच्या पहिल्या वर्षावर पेन्सिलीची आडवी रेघ. एकही सुटलेलं नाही.

ते पत्रक अजून तुमच्या फ्रिजवर असेल. उठा, माथ्यावरचा आकडा खोडा. तिचं नाव राहू द्या. आणि ज्यांना ज्यांना ते पाठवलंत, त्यांना आजच कळवा: खोटं नलूमावशीने सांगितलं नव्हतं, तिच्या भाचीने छापलं होतं.