बंद कारखान्याचा धूर

चूक माझीच. त्याच्या चित्रातल्या चिमणीला धूर मी लावला.

मी साखर कारखान्यात अधीक्षक, म्हणजे संचालकांच्या मनातलं त्यांच्याआधी ओळखणारा माणूस. दुष्काळात ऊस वाळला आणि कारखाना बंद पडला. वार्षिक सभेसाठी मला तो चालू हवा होता, निदान चित्रात तरी.

कारखान्याचं चित्र काढायला मी बोलावलेला चित्रकार वडवणीचा. एक डोळा मिटून ब्रशच्या दांडीनं चिमणी मोजायचा आणि चहा पार गार करून प्यायचा. मागचे डोंगर त्यानं भाजल्यासारखे तांबडे रंगवले होते.

"थोडा धूर दाखवा की," मी म्हणालो.

"निघू द्या साहेब, मंग दाखवतो."

मी पाट्या रंगवणाऱ्याकडून धूर चढवून घेतला. सभेत टाळ्या पडल्या. चित्रकारानं चित्रासमोर एक डोळा मिटला. "लई धूर हाय. ऊस कुठून आणला?" मग चाकूनं कोपऱ्यातली स्वतःची सही तेवढी खरवडली.

परवा संचालकांना न विचारता, नोकरीत पहिल्यांदाच, मी धूर पुसला. सोबत थोडं आभाळही निघालं. चित्र घेऊन त्याच्या दारात गेलो. त्यानं एक डोळा मिटून मला मोजलं.

"तो धूर माझा होता," मी म्हणालो. "माफ करा."