चौकड्यांच्या शर्टातला माणूस

आमच्या वेळी ‘झोंबी’ हा शब्द नाशकात कोणाला ठाऊक नव्हता. आम्ही त्यांना ‘चालते मुडदे’ म्हणायचो. त्या चालत्या मुडद्यांच्या एका पिक्चरवरून आम्ही तिघं मित्र सात-आठ वर्षं भांडलो. एवढं तर सख्खे भाऊ बांधावरूनही भांडत नाहीत.

आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते आणि आम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. रविवारी सकाळी थेटरात इंग्रजी पिक्चरचा मॉर्निंग शो लागायचा. इंग्रजी आम्हाला निम्मंच कळायचं, पण मुडदे बोलत नसल्यामुळे या पिक्चरमध्ये ती अडचण नव्हती. आमच्यातला एक पुढे बँकेत लागला, म्हणून इथे त्याला बँकवाला म्हणतो. दुसऱ्याच्या घरचं भद्रकालीत बांगड्यांचं दुकान, तो बांगडीवाला. तिसरा मी. माझे वडील शाळामास्तर, आणि घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बुद्धाची मूर्ती. भूत, पिशाच्च, पिंड, श्राद्ध हे सगळं आमच्या घरातून माझ्या जन्माआधीच हद्दपार झालेलं. त्यामुळे मुडदे बघायला मी गेलो तो भ्यायला नाही, चुका काढायलाच.

आणि चुका तरी किती! हिरोईनचं बँडेज आधी डाव्या हाताला, जिना चढून वर गेली की उजव्या हाताला. खिडकीला फळ्या ठोकून झाल्या, हिरोने घाम पुसला, मागे बघतो तर त्याच खिडकीला फुलाफुलांचा पडदा. महिनाभर जमिनीत पुरलेला म्हातारा उठून आला तो गुळगुळीत दाढी करून. सगळं गाव मेलं, पण लाइट काही गेली नाही. यावर बांगडीवाला म्हणाला, “अरे यार, हमारे यहाँ तर माणसं जिवंत असताना जाते!”

शो सुटला की आम्ही चहाच्या हॉटेलात बसायचो. हॉटेलमालकाने पिक्चर पाहिलेला नव्हता, पण आमच्या तोंडून ऐकून ऐकून त्यालाही मतं फुटली होती. एकदा मी जाहीर केलं की मुळात हा पिक्चर आपल्याकडे घडणंच शक्य नाही, कारण आपण जाळतो. राख कुठून उठणार? बांगडीवाला लगेच बाह्या सरसावून उठला.

“म्हणजे काय, सगळे आमच्याच कब्रस्तानातून उठणार? आमचे कयामतशिवाय उठत नसतात. परवानगीच नाही.”

“साधूंना पण पुरतात की,” गल्ल्यावरून मालक म्हणाला.

“ते उठले तर सिंहस्थालाच उठतील,” बँकवाला म्हणाला. “स्नान करतील आणि परत जाऊन झोपतील. त्यांचा काही त्रास नाही.”

तो असं बोलायचा, अगदी गंभीर चेहऱ्याने. उंच, हडकुळा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, आणि त्यामुळेच वादात तो फार जड जायचा. आम्ही ओरडून दमलो की तो हळूच सुरुवात करायचा.

खरं भांडण मात्र एकाच माणसावरून होतं. पिक्चरच्या सुरुवातीला पेट्रोलपंपावरचा एक साधा माणूस असतो. लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट, भुवया जाड. हिरोच्या गाडीत पेट्रोल भरतो, काहीतरी विनोद करतो आणि पुढच्याच प्रसंगात एक मुडदा त्याच्या मानेचा लचका तोडतो. मेला. हिरो त्याच्यावर चादर टाकतो, रडतो. ठीक. शेवटी मिलिटरीचा ट्रक येतो, वाचलेली माणसं एका मैदानात जमतात, आणि त्या गर्दीत मागच्या बाजूला तोच माणूस, तोच शर्ट घालून, हातात कप घेऊन काहीतरी पीत उभा! धडधाकट. कोणी त्याच्याकडे बघत नाही, तोही कोणाकडे बघत नाही. क्षणभर दिसतो आणि पिक्चर संपतो.

मी म्हटलं, ही चूक. डायरेक्टरला गर्दीला माणसं कमी पडली, त्याने मेलेल्या नटाला परत उभं केलं. पैसे वाचवले. बांगडीवाल्याच्या मते तो जुळा भाऊ होता. हिंदी पिक्चर बघून बघून त्याला जगात जुळ्या भावाशिवाय दुसरं कारणच सुचायचं नाही.

आणि बँकवाला म्हणाला, “चूक नाही. तो परत आलाय.”

“मुडदा होऊन?”

“नाही ना. मुडदा कप धरून चहा पितो का? तो नीट परत आलाय, होता तसा. इतक्या लोकांत एकच. डायरेक्टरला तेच दाखवायचंय, पण ज्याला बघायचंय त्यालाच ते दिसतं.”

मी हसलो. तो हसला नाही. बस्स, तिथून सुरू झालं.

पिक्चर नाशकातून उतरला आणि देवळाली कॅम्पात लागला. आम्ही बस पकडून तिथे गेलो, केवळ त्या माणसाची मान बघायला. जखमेचा वण असेल तर बँकवाला खरा, नसेल तर मी. थेटर जवानांनी गच्च भरलेलं. हिरो सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडायचा थांबतच नव्हता, तेव्हा मागून एकाने खणखणीत आवाज दिला, “अरे भाई, गोळ्या तो भर ले!” आणि सगळं थेटर खदखदून हसलं. मुडद्यांना इतकं कोणी हसलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. शेवटचा सीन आला तसे आम्ही तिघं खुर्चीच्या कडेवर सरकलो. मान स्वच्छ होती. वण नाही, काही नाही.

“बघ! चूक!” मी ओरडलो.

“बघ,” तो म्हणाला, “जखम भरली.”

एकाच मानेवरून दोघंही जिंकलो आणि दोघंही चिडून परतलो. बसमध्ये बांगडीवाला आमच्या मध्ये बसला होता. जुळ्या भावाला वण कशाला असेल, हे तो दोघांना आळीपाळीने समजावत होता.

पुढे तिघांच्याही पाठीला पोटापाण्याचं लागलं. मी पाटबंधारे खात्यात कारकून झालो, बांगडीवाला दुकानात बसू लागला आणि बँकवाल्याला नांदगावच्या शाखेत नोकरी लागली. दर शनिवारी तो पॅसेंजरने यायचा, घरी आईला तोंड दाखवायचा आणि तडक हॉटेलात. आठवडाभर हिशेब करून करून त्याच्या डोक्यात चौकड्यांच्या शर्टाचा नवा मुद्दा तयार झालेला असायचा. कधी ‘कप त्याने डाव्या हातात धरलाय’, कधी ‘बाकीचे थरथरतायत, तो नाही’. माझी उत्तरं तयारच असायची. आता वाटतं, त्या गर्दीतल्या माणसाचं आम्हाला काय पडलं होतं? पडलं होतं ते शनिवारचं. भेटायला काहीतरी निमित्त लागतं. पुरुषांना तर फारच लागतं.

एकदा मात्र मी चूक केली. माझ्या बहिणीच्या लग्नाची धावपळ होती, मी थकलो होतो. तो बोलायला लागला तसं मी म्हटलं, “बरं बाबा, तुझंच खरं. आला परत.” त्याचा चेहरा उतरला आणि मान वळवून तो भलतीकडे बघायला लागला. चहा अर्धा टाकून तो उठला. “तोंडदेखलं मान्य करायचं असेल तर माझ्याशी बोलूच नकोस,” म्हणाला. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम एक खणखणीत आक्षेप घेऊन गेलो, तेव्हा कुठे स्वारीची कळी खुलली.

ऐंशीच्या दशकाची चार-पाच वर्षं उलटली असतील. एका शनिवारी तो हॉटेलात आला तो थोडा ओढलेला. डोळे पिवळसर दिसत होते, पण हॉटेलातला बल्बच पिवळा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. उठताना म्हणाला, “या वेळी असा मुद्दा सापडलाय की तू जन्माचा गप्प बसशील. आज नको, अंगात कणकण आहे. पुढच्या शनिवारी सांगतो.”

कावीळ होती. पुढचा शनिवार आलाच नाही. त्याचं लग्न ठरत होतं, मुलगी बघून झाली होती, आणि अचानक सगळं संपलं. मी खांदा दिला, घरी आलो, अंघोळ केली, जेवलोही. रडू आलं नाही. राग मात्र खूप आला. कोणाचा, ते कळत नव्हतं.

दहाव्याला आम्ही दोघं रामकुंडाजवळ गेलो. एक मुसलमान, एक बौद्ध. विधीत आमचं काय काम? पण त्याच्या थोरल्या भावाने निरोप धाडला होता, म्हणून मागे उभे राहिलो. पिंड मांडले. शेजारी त्याच्या आवडीची शेव, भजी आणि कपात चहा ठेवला. सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागले. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, असं मानतात. मग एकेकाने पुढे होऊन ती इच्छा ओळखायची आणि पुरी करायचा शब्द द्यायचा.

आमच्याकडचे घाटावरचे कावळे रोजच्या पंगतीने माजलेले. पाच-सहा येऊन भिंतीवर बसले, पिंडाकडे बघत राहिले, आणि एकही खाली उतरेना. थोरला पुढे झाला, हात जोडून म्हणाला, “आईला मी सांभाळीन.” कावळे तसेच. मामा म्हणाले, “धाकटीचं लग्न थाटात करू.” काही नाही. नांदगावचे साहेब आले होते, ते म्हणाले, “बँकेतलं काही राहिलं असेल तर काळजी नको.” ऊन चढत गेलं. शेजारच्या कुटुंबांचे पिंड शिवून झाले, ती माणसं घरी गेली. गुरुजी म्हणाले, “दर्भाचा कावळा करून लावू या, शास्त्रात सोय आहे.” पण पायरीवर छत्रीखाली बसलेली त्याची आई मान हलवत होती. “नको. त्याचं काहीतरी राहिलंय. त्याला असा उपाशी सोडून मी घरी येणार नाही.” दहा दिवसांत ती निम्मी झाली होती. तिला उठवायची कोणाची छाती नव्हती.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. “तू बोल रे बाबा. तुझ्याशीच बोलायचा तो सगळं.”

माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं की असल्या गोष्टींपुढे हात जोडायचे नाहीत. मी कधी जोडले नव्हते. पण समोर ती माऊली बसलेली. बांगडीवाल्याने माझ्या पाठीला हात लावला, “जा यार, अम्मीसाठी जा.” मी पुढे गेलो. हात जोडले नाहीत, नुसता उभा राहिलो. काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. हळूच म्हटलं, “मान्य. ती चूक नव्हती. तो परत आला होता.”

मागे कोणालाच काही समजलं नाही. भिंतीवरचा एक कावळा मान वळवून भलतीकडे बघायला लागला. अगदी त्याच्यासारखा! आणि माझं डोकं फिरलं. दहा दिवस कोंडलेलं सगळं त्या घाटावर बाहेर आलं. “नाही मान्य!” मी ओरडलो. “चूकच होती ती! आज चूक, उद्याही चूक! मेलेला माणूस कपभर चहा प्यायला परत येत नाही रे गाढवा. येत असता तर तू नसता का आला? तुझा तो मुद्दा तरी सांगून जायचास! आता मी कोणाशी भांडू?”

मी लहान पोरासारखा रडत होतो. तेवढ्यात कानाजवळून फडफड झाली आणि कावळा पिंडावर उतरला. मागोमाग बाकीचेही आले. “शिवला, शिवला,” लोक म्हणाले. त्याच्या आईने छत्री मिटली, माझ्याजवळ आली आणि पदराने माझं तोंड पुसलं. “काय मागितलं होतं त्याने?” तिने विचारलं. बांगडीवालाच म्हणाला, “काही नाही अम्मी. ह्यांचं जुनं भांडण होतं.”

कावळ्याला भूक लागली होती, ऊन फार होतं आणि मी ओरडल्यामुळे माणसं मागे सरली होती, एवढंच त्याचं कारण. वडिलांना मी तसंच सांगितलं आणि आजही तसंच मानतो.

फक्त एक सवय लागली ती सुटत नाही. कुठलाही पिक्चर असो, शेवटी गर्दी जमली की हिरोकडे माझं लक्ष नसतं. मी मागच्या बाजूचे चेहरे बघतो. उंच, हडकुळा, वरची गुंडी लावलेला कोणी हातात कप घेऊन उभा आहे का, ते बघतो. डायरेक्टरने एवढी एक चूक केली तर माझी काही हरकत नाही.