चौथ्या मजल्याचं बटण

लिफ्टवाल्याला घरात बसायची सवय नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बावीस वर्षं फोन वाजला की हातातला घास टाकायचा, हत्यारांची पिशवी उचलायची आणि निघायचं. दोन मजल्यांच्या मध्ये माणूस अडकलाय म्हटल्यावर जेवत कोण बसणार? बायकोही कधी अडवायची नाही. तिचं शाळेच्या गणवेशांचं शिवणाचं दुकान, तिला तरी कुठे मान वर करायला फुरसत. भेट झाली तर झाली, असा दोघांचा संसार.

मग एके दिवशी मशीनवर बसल्याबसल्या तिला अर्धांगाचा झटका आला. हलका होता, थोडक्यात निभावलं. पाय सुधारला. बोलणं सुधारायची गरजच पडली नाही, ते पहिल्या दिवसापासून ठणठणीत. डावा हातही आला, राहिली ती करंगळी. ती आपली वळून बसलेली, कुणाचं ऐकेल तर शपथ. करंगळीवाचून माणसाचं काय अडतं, असं वाटेल. पण शिवणाऱ्या बाईचं अडतं. कापडाची कड तीच धरून ठेवते. शिवण वाकडी जायला लागली. दोन गणवेश उसवून टाकल्यावर तिने मशीनवर झाकण घातलं आणि दुकानाला कुलूप लावलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला, रोज दोनशे वेळा दाबायला. तिसऱ्या दिवशी तो खिडकीतून बाहेर गेला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

आता गंमत बघा. चेंडू नको म्हणणारी हीच बाई, लेक घरी होती तेव्हा टीव्हीपुढे उभी राहून गिटारचा व्हिडिओ गेम खेळायची. पडद्यावर पाच रंगांचे ठिपके खाली येतात. गिटारच्या मानेवरचं त्या रंगाचं बटण डाव्या हाताने दाबायचं आणि उजव्या हाताने खटका छेडायचा. चुकलं की खट्ट होतं आणि गाणं तेवढ्यापुरतं मुकं होतं. लेकीला ती सहज हरवायची. लेक नोकरीला लांब गेली, टीव्हीला जोडलेला तिचा जुना कॉम्प्युटर राहिला, गिटार मात्र घर बदलताना मोडली. तसली आता बाजारात मिळेना.

"मी बनवतो," लिफ्टवाला म्हणाला.

"तुम्ही? नुसती वर-खाली जाईल ती."

पण त्याने मनावर घेतलं होतं. जुन्या कपाटाच्या दारातून गिटारचं पोट कापलं, खिडकीच्या पडद्यामागची पट्टी मान म्हणून ठोकली. छेडायला लिफ्टच्या दाराचा खटका लावला. मोडक्या कीबोर्डचं सर्किट एका डबीत घालून कॉम्प्युटरशेजारी ठेवलं आणि तिथून गिटारपर्यंत लिफ्टखाली लोंबते ती चपटी केबल ओढली. बटणं भंगारात निघालेल्या लिफ्टची, चांगली जाडजूड, शून्य ते चार आकडे कोरलेली. वर रंगीत टेप चिकटवली तरी आकडे दिसायचेच. करंगळीच्या वाट्याला नारिंगी आलं, म्हणजे चौथा मजला.

पहिल्या दिवशी तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळं झकास वाजलं. चौथा आला की खट्ट. पुन्हा खट्ट. दुसऱ्या गाण्यालाच तिने गिटार खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. चेंडूसारखी हीपण खिडकीतून गेली, तर मशीनवरचं झाकण काही निघत नाही, हे लिफ्टवाल्याला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तशी त्याने लबाडी केली. केबलच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून दोन तारा काढल्या, डबीत नारिंगीला जोडल्या, सतरंजीखालून नेऊन आपल्या खुर्चीखाली एक बटण बसवलं.

"हे काय?" तिने विचारलं.

"अर्थिंग."

लिफ्टवाल्याने अर्थिंग म्हटल्यावर कोण पुढे विचारणार!

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला हा खुर्चीत. फोन कामावरच्या जोडीदाराकडे सोपवलेला, नजर पडद्यावर, हात खुर्चीखाली. नारिंगी ठिपका आला की दाबलं. सुरुवातीला उशीर व्हायचा, खट्ट व्हायचं, आणि हा मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचा. पण सरावाने माणूस तरबेज होतो. एक दिवस अख्खं गाणं निभावलं तेव्हा त्याला राहवेना.

"आज चौथा मजला एकदाही चुकला नाही!"

"हो का? छान," ती म्हणाली.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी जोडीदार आजारी, शेजारच्या इमारतीत लिफ्ट अडकलेली, जावंच लागलं. अर्ध्या तासात परतला तर जिन्यापर्यंत गाणं ऐकू येत होतं. हा दारातच थबकला. खुर्ची रिकामी. पडद्यावर नारिंगी ठिपका आला आणि वाजला. दुसरा वाजला. तिसऱ्याला खट्ट. पुढचा पुन्हा वाजला. मग त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पडदा सोडून तिच्या हाताकडे बघितलं. करंगळी थरथरत होती, पण खाली जात होती.

त्याने सतरंजी उचलली. तार मधोमध कापलेली, दोन्ही टोकं शिवणाच्या दोऱ्याने नीट बांधलेली.

"कधी कापलीस?"

"महिना झाला. एकदा करंगळी मुद्दाम उचलून धरली, तरी चौथा मजला वाजला. म्हटलं, अर्थिंग भलतंच हुशार आहे!"

"म्हणजे त्या दिवशी, एकदाही चुकला नव्हता तो..."

"मी. तुम्ही कशाला, मी."

"अगं, मग बोलली का नाहीस? महिनाभर मी मेलेलं बटण दाबत बसलो!"

"बोलले असते तर उठून गेला असतात." ती गिटारचा पट्टा सारखा करत म्हणाली. "बावीस वर्षांत कधी तासभर बसलात माझ्याजवळ?"

त्याला लाज वाटली, हसू आलं आणि डोळेही भरले. तो सतरंजी सारखी करत राहिला.

"उद्या दुकान उघडते. कुलूप गंजलं असेल, सकाळी तेल घालून द्या," ती म्हणाली. "आणि बसा आता. पुढचं गाणं अवघड आहे."

तो बसला. हात आपोआप खुर्चीखाली गेला. नारिंगी ठिपका खाली आला आणि दोघांनीही दाबलं.