फोन करण्याची सोयीची वेळ : कधीही

गेल्या मंगळवारी सकाळी लातूरला आमच्या फाटकाशी टाय लावलेला एक माणूस येऊन उभा राहिला. म्हणाला, "मयूरी इथंच राहते ना? मागच्या बाजूची, जिन्याखालची खोली?"

शाळेतून रिटायर झाल्यापासून मागच्या दोन खोल्या मी क्लाससाठी येणाऱ्या मुलींना देते. मयूरी शिरूर अनंतपाळकडची, बारावीला आहे, डॉक्टर व्हायचंय. तिची खोली जिन्याखाली आहे हे या गृहस्थाला कुणी सांगितलं?

तो कुठल्याशा क्लासचा काउन्सेलर निघाला. तिचे दहावीचे मार्कसुद्धा त्याला पाठ होते! त्याला मी फाटकातूनच वाटेला लावलं आणि आत येऊन मयूरीला फैलावर घेतलं... "कुणाकुणाला पत्ता वाटत फिरतेस?"

पोरगी रडायलाच लागली. तीन आठवडे तिला अनोळखी नंबरांवरून फोन येत होते, दिवसाला वीस-पंचवीस. कंटाळून तिनं फोन पेटीत टाकला होता, त्यामुळे घरचे फोनही उचलले जात नव्हते. मला सांगायची भीती वाटली म्हणे... माझीच.

तिनं वडिलांना कळवलं आणि दुपारच्या एसटीनं बालाजीराव हजर. आल्या आल्या गादीची वळकटी करून दोरी बांधायला लागले.

"बाई, तुमच्यावर राग न्हाई. पण तरण्या पोरीच्या दाराशी परका माणूस येतो म्हणजे लई झालं. घरीच अभ्यास करील."

परीक्षा तीन महिन्यांवर. घरी गेलेली पोरगी परत येत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिलंय. मी म्हटलं, "बालाजीराव, दोरी ठेवा खाली. तासभर द्या मला." दोघांचे फोन घेतले आणि दोघांनाही घेऊन गल्लीच्या तोंडाशी रझियाच्या दुकानात गेले.

रझिया माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या सासऱ्यांचं घड्याळांचं दुकान होतं, तिथं आता ती मोबाइल दुरुस्त करते. शाळेत गणितात नापास व्हायची, आता मला शिकवते.

तिनं बालाजीरावांचा फोन उघडला आणि हसू दाबत वाचायला लागली. मोफत स्कॉलरशिप टेस्टचा फॉर्म, त्यांनीच भरलेला. मुलीचं नाव, तिचा स्वतःचा नंबर, मार्क, गावचा पत्ता, लातूरचा पत्ता ('जिन्याखालची खोली' यासह), आईचा नंबर, मामाचा नंबर. फोन करण्याची सोयीची वेळ : कधीही. आमची माहिती इतर संस्थांना द्यायला हरकत नाही, या चौकोनातली आधीच केलेली खूण तशीच. आणि असे फॉर्म एक नाही, सात!

"दादा, ताऱ्याची खूण असलेले रकाने तेवढे भरायचे असतात. बाकीचे सोडायचे," रझिया म्हणाली.

बालाजीराव उसळले. "सोडायचे? भूकंपात आमचं घर पडलं तवा आमी उदगीरला पाव्हण्याकडं होतो. यादीत नाव सुटलं. माय दोन वर्षं हेलपाटे मारत होती. रकाना रिकामा ऱ्हायला की माणूस सुटतंय, ताई!"

भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला मीही याद्या लिहायला बसले होते, नुकतीच नोकरीला लागलेली. जो येईल त्याला दरडावून सांगायचे, सगळं सांगा, काही राहू देऊ नका... तेव्हा ते बरोबरच होतं. ती यादी माणसाला शोधून मदत पोचवायला होती.

मी त्यांना एवढंच म्हटलं, "ती यादी आपल्यासाठी होती, बालाजीराव. ही त्यांच्यासाठी आहे."

त्यांनी स्वतःचा फोन उचलून तो फॉर्म पाहिला आणि परत रझियापुढे सरकवला. "काढा काय काढायचं ते."

रझियानं मयूरीचा फोन घेतला. टेस्ट सिरीजच्या अ‍ॅपला लोकेशन, कॉन्टॅक्ट, माइक, सगळ्याची परवानगी दिलेली. "गणिताला लोकेशन कशाला गं? उत्तर काय गल्लीगल्लीत बदलतं?" एकेक परवानगी बंद केली, न लागणारी अ‍ॅप काढली, आणि काढण्याआधी त्यांतली खाती डिलीट केली. नुसतं अ‍ॅप काढून माहिती जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अनोळखी नंबरांची रिंग बंद केली, घरच्यांचे नंबर नीट सेव्ह केले.

सातही ठिकाणी मेल मी लिहिले. माहिती काढून टाका, आणि काढल्याचं लेखी कळवा. चौघांचं उत्तर आलं. तिघांना रोज एक आठवण पाठवते आहे, मला वेळ भरपूर आहे.

पुढं कुठल्या क्लासचा फॉर्म भरावा लागलाच तर नंबर माझा द्यायचा, असंही ठरलं. मेलमध्येही मी माझाच दिला होता. कालपर्यंत दोन काउन्सेलरांनी मला फोन केला. दुसऱ्यांदा कुणी केला नाही.

बालाजीरावांनी संध्याकाळची गाडी पकडली... एकट्यानं. जाताना गादीची दोरी त्यांनीच सोडली.

आता रोज संध्याकाळी सातला मागच्या खोलीत एकदाच रिंग वाजते आणि मयूरी पहिल्या रिंगला उचलते. "हाव बाबा, जेवले," एवढं ऐकू येतं, की मला हायसं वाटतं.

चूक तिची नव्हती, आणि मी आधी तिलाच धरलं. माफी मागायला मला दोन दिवस लागले... पण मागितली. मुलींनो, असं काही झालं तर पहिल्याच दिवशी सांगा. आणि माझ्यासारख्या बायांनो, सांगता येईल इतपत तोंड मऊ ठेवा.