फोर-व्हीलचा दांडा

रोज फुलंब्रीला जायला आणि सुट्टीत डोंगरवाटा चढायला सोपं पडावं म्हणून आमच्या जुन्या पिकअपला पॉवर स्टिअरिंग बसवतेय. आज गॅरेजात गिअर ऑइलचा उग्र वास आला आणि सोयगावजवळची ती दुपार आठवली.

दवाखान्याच्या वाटेवर याच गाडीत माझ्या शेजारी वहिनी बाळंतपणाच्या कळांनी विव्हळत होती. चाकं काळ्या चिखलात रुतलेली. गाडी चालवणारे माझे वडील, अण्णा, खाली उतरले.

"मी ढकलतो. तू चालव."

"मला नाय जमायचं, अण्णा!"

"जमतंय. फोर-व्हीलचा दांडा ओढ अन् क्लच हळू सोड."

कडक दांडा मी दोन्ही हातांनी ओढला. चारही चाकांनी जमीन धरली, गाडी वर आली. चिखलानं माखलेले अण्णा मागच्या हौद्यात चढले अन् टपावर थाप मारून ओरडले, "चल!"

दवाखान्यात वहिनीची सुखरूप सुटका झाली. अण्णा दमलेत म्हणून मागं बसले, असं तेव्हा वाटलं. आता कळतं, त्यांनी स्टिअरिंग मला देऊन टाकलं होतं.