लाल धाग्याची खूण

सौंसरजवळच्या कापडाच्या गिरणीत मी थानं, म्हणजे कापडाचे तागे, तपासायला बसायचे. उजेडाच्या काचेवरून कापड सरकायचं. भोक, डाग, तुटलेला धागा दिसला की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. हे मला शिकवलं रामाकोना गावच्या मावशीनं. नात्यानं ती कोणाची नव्हती, पण सगळ्या तिला मावशीच म्हणायच्या. नजर अशी की आम्ही चिडवायचो, "मावशे, तुह्यापुढून तं मुंगीनंही पाय पुसून जावं!"

मग कॅमेऱ्याची मशीन आली. तुम्ही तपासलेली थानं दाखवून मशीनला दोष ओळखायला शिकवायचं, असं मशीनवाल्यानं सांगितलं. म्हणजे आम्हीच शिकवायचं आणि आम्हीच घरी जायचं! माझं डोकंच फिरलं. मावशी मात्र म्हणाली, "शिकू दे ना वं. शिकवाचं तं इमानदारीनं शिकव."

एके दुपारी गडबडीत मी चांगल्या जागी दोरा बांधला, आणि मशीन नेमकी तिथं थांबली. मला शंका आली. पुढच्या थानात एका भोकाजवळचा दोरा मी काढून टाकला. मशीन भोकावरून सरळ पुढे गेली. दोनदा करून पाहिलं, तेच. अगं बाई! ही दोष ओळखतच नव्हती, आमचा दोरा ओळखत होती.

मी कोणाला सांगितलं नाही. मावशीलाही नाही, ती उठून साहेबाकडे गेली असती. म्हटलं, होऊ दे फजिती. मशीन परत जाईल, आपल्या जागा राहतील.

पुढच्या आठवड्यात दोरे बांधणं बंद झालं. मशीन थांबेल तेवढंच आम्ही बघायचं. काठाला कुठं सूत लोंबत असलं की ती थांबायची, म्हणून कोणाला संशय आला नाही. थानावर चिठ्ठी मात्र आमच्याच नंबराची लागायची.

काही दिवसांनी माल परत आला. थानच्या थान तुटलेल्या धाग्याची रेघ, आणि चिठ्ठ्या मावशीच्या. साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "रेघ दिसल्यासारखी वाटली होती जी. पण मशीन थांबली नाही, तं म्हटलं आपलेच डोळे गेले."

त्याच दिवशी तिला काढलं. मी हातभर अंतरावर उभी होते. बोलले असते तर माहीत असून लपवलं म्हणून मीही गेले असते. आग लागो माझ्या तोंडाला, ते उघडलंच नाही.

पुढे मशीनवाल्याला चूक सापडली आणि त्यानं ती सुधारली. आता त्या मशीनजवळ मी बसते. मावशीला मात्र ते कोणी कळवलं नाही, परत बोलावलंही नाही.

परवा तिच्या घरी गेले. कोपऱ्यात अर्धी शिवलेली गोधडी पडली होती.

"काहून वं मावशे, पुरी नाही केली?"

"दिसत नाही ना. पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं दोन डाव पाह्यलं. म्हणते, डोळे चांगले हायेत."

"मग चांगलेच असतील," मी घाईघाईनं म्हटलं.

"तो मन राखून बोलून राहिला वं. मशीनले कोणाचं मन राखाचं हाये?"

सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं सुई माझ्यापुढं धरली.

"ओवून दे पोरी. तुही नजर चांगली हाये."

मी ओवून दिली.